काहील, रांजण आणि विवर : पायाखालच्या ज्वालामुखीची गोष्ट

रांजणगावहून मी तुमची बचत गटाची ताई बोलतेय. नेहमी मी कर्जाचे हप्ते, बँकेची कागदपत्रं, पापड-मसाल्याचा हिशोब यावर बोलते. आज विषय एकदम वेगळा वाटेल. आज ज्वालामुखी. पण घाबरू नका, गोष्ट फिरून आपल्या कर्जाच्या वहीपाशीच येणार आहे.

झालं असं. आमच्या गटाच्या बायका मिळून निघोजला गेलो होतो. निघोज म्हणजे शिरूरच्या पलीकडे, पारनेर तालुक्यात. कुकडी नदीच्या पात्रात मळगंगा देवीचं ठिकाण आहे आणि तिथेच ते प्रसिद्ध रांजणखळगे. काळ्या कातळात खोल खोल गोल खड्डे, रांजण पुरून ठेवल्यासारखे. दर्शन झालं, डबे सोडले, आणि शेजारी उभा असलेला एक जण आपल्या पोरांना सांगताना ऐकू आलं, "ही ज्वालामुखीची तोंडं आहेत. इथून आग यायची."

आमच्या गटातल्या आजी घाबरल्या. मला म्हणाल्या, "ताई, परत पेटलं तर गं?" आणि त्यांच्या सुनेनं दुसरंच मनावर घेतलं. परत येताना गाडीत ती म्हणाली, "म्हणजे आपल्या खाली पोकळी आहे. आम्हाला बोअरवाल्यानं तेच सांगितलं होतं. म्हणाला, पाचशे फुटांखाली ज्वालामुखीची पोकळी आहे, ती पाण्यानं भरलेली आहे, तिथपर्यंत गेलात की पाणीच पाणी." तिचा कर्जाचा अर्ज माझ्याकडे आलेलाच होता. बोअरसाठी.

आता माझी पंचाईत बघा. अर्जावर सही करायची तर पोकळी आहे की नाही हे कळायला हवं. माझा बी.ए.ला भूगोल होता. जुनी पुस्तकं काढली, वाचलं, दोन-तीन जाणकारांना विचारलं. जे कळलं ते पुढच्या बैठकीत सांगितलं, आणि आज तेच तुम्हाला सांगते.

आधी ज्वालामुखी म्हणजे काय ते बघू. जमिनीच्या काही किलोमीटर खाली काही ठिकाणी खडक वितळून त्याचा रस झालेला असतो. त्याला शिलारस म्हणतात. तो वर येऊन बाहेर पडला की त्याला लाव्हा म्हणतात. शिलारसात वायू विरघळलेले असतात, वाफ असते. झाकण उघडल्यावर सोड्याची बाटली फसफसते ना, तसंच वर येताना दाब कमी झाला की ते वायू सुटायला बघतात.

पण सगळा शिलारस सारखा नसतो. तुम्ही आमटी आणि पिठलं दोन्ही करता. आमटी पातळ. तिला उकळी आली की बुडबुडे सहज फुटतात, वाफ निघून जाते. पिठलं घट्ट. त्यात वाफ अडकते आणि मग फट्कन उडून हाताला चटका बसतो. शिलारसाचं तसंच आहे. पातळ असला तर वाहत जातो. घट्ट असला तर वायू आत कोंडतात आणि एकदम स्फोट होतो. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मोठ्या खड्ड्यांकडे येऊ. ज्वालामुखीच्या डोंगराच्या माथ्यावर जे तोंड असतं, त्यातून रस आणि राख बाहेर पडते. त्याला आपण विवर म्हणतो. हे तोंड बहुतेक वेळा किलोमीटरभराच्या आतलं असतं. पण जगात काही ज्वालामुखींच्या जागी 10 किलोमीटर, 20 किलोमीटर, त्याहूनही मोठे गोल खड्डे आहेत. मग प्रश्न पडतो, एवढा मोठा खड्डा स्फोटानं उडाला का?

मलाही तसंच वाटायचं. सुरुंग लावला की विहीर होते, तसा काहीतरी प्रकार असेल. पण तसं नाही. हे सगळ्यांत मोठे खड्डे उडून झालेले नसतात, ते खचून झालेले असतात. खालचा शिलारस भराभर बाहेर पडला की वरच्या जमिनीचा आधार जातो. छत आपल्याच वजनानं कोसळतं, आणि वर मोठा गोल खड्डा पडतो. अशा खड्ड्याला कॅल्डेरा म्हणतात. शब्द स्पॅनिश आहे, त्याचा अर्थ मोठं भांडं, कढई. आपल्याकडे दौंड-शिरूरच्या गुऱ्हाळांत गुळाची काहील असते. कॅल्डेरा म्हणजे जमिनीत बसलेली काहीलच समजा.

हे आम्ही बैठकीत करूनही बघितलं. एक फुगा घेतला, त्याच्या तोंडाला बारीक नळी बांधली, फुगवून परातीत ठेवला. मी पिठाचा डबा मागवला तर सगळ्या ओरडल्या, "दळणाचं पीठ वाया घालवायचं नाही!" मग चुलीतली चाळलेली राख घेतली. फुगा राखेखाली झाकला, वर चापून टेकडी केली, नळी बाहेर ठेवली. मग नळीतून हळूहळू हवा सोडली. आधी राखेवर गोल चिरा पडल्या. मग मधला भाग खाली बसला. कडा उभ्याच्या उभ्या राहिल्या आणि मध्ये सपाट तळाचा गोल खड्डा. काही फुटलं नाही, काही उडालं नाही. मुलांना दाखवायला हा प्रयोग चांगला आहे, घरी करून बघा.

हे नुसतं परातीत होतं असं नाही. 2018 साली हवाई बेटावरच्या किलाउएआ ज्वालामुखीत शास्त्रज्ञांनी हे डोळ्यांनी बघितलं. तिथे रस माथ्यावरून न निघता लांब, खालच्या अंगाला जमिनीत भेगा पडून वाहून गेला. तो जसजसा निघत गेला तसतसा माथा टप्प्याटप्प्यानं खचत गेला. साधारण तीन महिन्यांत तिथला तळ काही ठिकाणी 500 मीटरपर्यंत खाली गेला. पातळ रस होता, म्हणून मोठा स्फोट नाही. घट्ट रस असला तर दोन्ही होतं. स्फोटही होतो आणि छतही कोसळतं. इंडोनेशियातल्या क्राकाटाऊ ज्वालामुखीचं 1883 मध्ये तसं झालं. बेटाचा मोठा भाग समुद्रात खचला, आणि त्याचा आवाज 4,800 किलोमीटरवरच्या बेटावर ऐकू गेला. त्यातून उठलेल्या लाटांनी 36,000 च्या आसपास माणसं गेली.

तुम्ही म्हणाल, ताई, हे सगळं लांबचं झालं. आपल्या देशात आहे का? आहे. अंदमानच्या समुद्रात बॅरन बेट आहे. भारतातला एकमेव जागता ज्वालामुखी तो. त्या बेटाच्या मध्ये साधारण 2 किलोमीटर रुंदीचा कॅल्डेरा आहे, आणि त्या काहिलीच्या आत नवा शंकू उभा राहिलाय. बरीच वर्षं तो शांत होता, 1991 मध्ये पुन्हा जागा झाला. तिथे माणसांची वस्ती नाही.

आणि आता ऐका आपल्या अगदी जवळचा पुरावा. इंडोनेशियात सुमात्रा बेटावर टोबा नावाचं सरोवर आहे. साधारण 100 किलोमीटर लांब, 30 किलोमीटर रुंद. आपल्या रांजणगावाहून पुण्याला जायचं आणि परत यायचं, एवढी त्याची लांबी. हे सरोवर म्हणजे कॅल्डेराच, पाण्यानं भरलेला. साधारण 74,000 वर्षांपूर्वी तिथे इतका मोठा स्फोट झाला आणि इतका शिलारस बाहेर पडला की एवढं छत खाली बसलं. टोबा त्याआधीही मोठ्यानं फुटलेला आहे. त्याची राख वाऱ्यानं आणि समुद्रानं लांब लांब गेली.

ती राख कुठे सापडली माहीत आहे? जुन्नर तालुक्यात, बोरीला, कुकडी नदीच्या काठच्या गाळात. आणि मोरगावजवळ, कऱ्हेच्या काठी. होय, आपल्या अष्टविनायकातलं मोरगाव. तीन हजार किलोमीटरांहून लांबून आलेली ती राख नदीच्या गाळात थर होऊन बसली आहे. ती टोबाच्या नेमक्या कोणत्या स्फोटाची, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. कुणी 74,000 वर्षं म्हणतात, कुणी कित्येक लाख वर्षं. बोरीला अश्मयुगातल्या माणसांची दगडी हत्यारंही मिळाली आहेत. म्हणजे आपल्या कुकडीच्या काठावर तेव्हाही माणसं राहत होती.

ज्या कुकडीच्या काठावर खरोखरच्या कॅल्डेराची राख आहे, त्याच कुकडीत पुढे निघोजचे रांजणखळगे आहेत. मग ते ज्वालामुखीची तोंडं आहेत का? नाही. ते पाण्यानं केलेत. पुराच्या वेळी नदीच्या भोवऱ्यात दगडगोटे अडकतात. ते गोल गोल फिरत राहतात आणि कातळ घासत राहतात. जात्यासारखंच. जात्याची खालची तळी झिजते ना, तशी. हजारो वर्षं हे चाललं की त्या कातळात रांजण कोरला जातो. पुढच्या वेळी गेलात तर कोरड्या खळग्यात डोकावून बघा. तळाशी गुळगुळीत गोटे दिसतील. ते या कामाचे कारागीर. आत उतरू मात्र नका, काही खळगे फार खोल आहेत आणि कडा निसरड्या आहेत.

खड्डा गोल दिसला की ज्वालामुखी, असं समजण्याची चूक मोठमोठ्या माणसांनीही केली आहे. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार घ्या. 1.8 किलोमीटर रुंदीचा जवळजवळ गोल खड्डा, आत खारट सरोवर. 2020 मध्ये त्याचं पाणी गुलाबी झालं होतं तेव्हा तुम्ही बातम्यांत बघितलं असेल. लोक त्याची लवणासुराची कथा सांगतात. 1823 साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं त्याची नोंद केली, आणि पुढे दीडशे वर्षं बरेच जाणते लोक ते ज्वालामुखीचंच मानत होते. आजूबाजूला सगळा लाव्ह्याचा काळा दगड, मग दुसरं काय वाटणार?

पण खड्ड्याच्या कडा बघितल्या तर तिथले दगडांचे थर बाहेरच्या बाजूला वर उलटलेले आहेत. खचलेल्या खड्ड्यात थर खाली बसतात, वर उलटत नाहीत. मग 1970 च्या सुमारास तळाशी छिद्रं पाडून दगड तपासले. त्यात एका क्षणात प्रचंड दाबानं काच झालेले कण सापडले. ज्वालामुखीत उष्णता असते, पण तसला दाब नसतो. तो फक्त आकाशातून वेगानं आलेला मोठा दगड आदळला तरच होतो. म्हणजे लोणार उल्केनं केलं. आज ते रामसर यादीतलं पाणथळ क्षेत्र आहे.

तेव्हा बघा, तीन खड्डे, तिघांचे कारागीर वेगळे. टोबाचा खड्डा खचून झाला, लोणारचा वरून आदळून झाला, निघोजचे रांजण पाण्यानं घासून झाले. लोणार आणि निघोज, दोन्हीकडचे खड्डे गोल. नुसता आकार बघून कारण कळत नाही. कडा बघाव्या लागतात, तळ बघावा लागतो, थर बघावे लागतात. कर्जदाराचं नुसतं घर बघून आपण कर्ज देत नाही, वही बघतो. तसंच हे.

आता आजींचा प्रश्न. आपल्याकडे ज्वालामुखी होता का? होता, आणि लहानसहान नव्हता. साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी, डायनोसोर संपले त्या काळात, आपल्या या भागात लाव्ह्याचे पूर आले. पण ते उंच डोंगराच्या एका तोंडातून आले नाहीत. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्या भेगांतून खूप खोलवरचा रस आला. धुळे-नंदुरबारकडे काळ्या दगडाच्या भिंतीसारख्या सरळ रांगा दिसतात ना, त्या रस भेगांतच गोठून झालेल्या आहेत. आपला रस पातळ होता, आमटीसारखा. म्हणून तो स्फोट न करता पसरला, तव्यावर धिरड्याचं पीठ पसरतं तसा. एक थर आला, थंड झाला. मध्ये कधी कधी मोठी खंड पडली, वरची माती तयार झाली. मग दुसरा थर आला आणि त्या मातीला भाजून लाल करून गेला. असे थरावर थर. पश्चिम घाटात ते मिळून दोन किलोमीटरच्या आसपास जाडीचे झाले. माळशेज घाटातून जाताना किंवा शिवनेरीकडे बघताना डोंगराला पायऱ्या दिसतात, ते हेच थर. आज हा खडक साधारण 5 लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे.

आजी, तो परत पेटेल का? आपला भूभाग तेव्हा इथे नव्हता, खूप दक्षिणेला होता. तव्यावरची भाकरी सरकवावी तसा तो त्या आचेवरून सरकत उत्तरेला आला. ती आच आज हिंदी महासागरात, रियुनियन नावाच्या बेटाखाली आहे असं शास्त्रज्ञ मानतात, आणि तिथला ज्वालामुखी अजूनही पेटतो. आपल्या खाली ती आच राहिलेली नाही. तेव्हा निघोजला मळगंगेच्या दर्शनाला निर्धास्त जा.

आणि आता सुनेचा प्रश्न. पाचशे फुटांखालची ती पोकळी. मघाचा फुगा आठवा. आतली हवा गेली की राख खाली बसली. रिकामी जागा तशीच उभी राहिली का? नाही राहिली. शिलारसाच्या जागेचंही तेच. रस आहे तोवर ती भरलेली असते, रस गेला की छत खाली बसतं. मोठी रिकामी पोकळी तशीच राहिली असती तर जगात एवढे कॅल्डेरा झालेच नसते. आणि आपल्या खाली छत खचलं असतं, तर वर तो खड्डा कुठेतरी दिसला असता. आपल्याकडे एकावर एक पसरलेले थर आहेत, काहील नाही. तेव्हा पाण्यानं भरलेल्या ज्वालामुखीच्या पोकळीचा विचार डोक्यातून काढून टाका.

मग आपल्या विहिरीला पाणी येतं कुठून? त्याच थरांतून. विहीर खोदणारे लोक हे आपल्याहून चांगलं जाणतात. वर माती, मग मुरूम, मग कुठे मांजऱ्या, कुठे काळा पाषाण. प्रत्येक लाव्ह्याच्या थराचा वरचा भाग बुडबुड्यांचा असतो. काही बुडबुडे पुढे पांढऱ्या गारगोटीनं भरतात. हा भाग झिजला, फुटला की त्यात पाणी मुरतं. दोन थरांच्या सांध्यात, चिरांमध्ये पाणी फिरतं. मधला घट्ट काळा पाषाण मात्र अखंड असेल तर त्यात पाणी जवळजवळ नसतं. हे सगळं पाणी पावसाचंच. वरून मुरलेलं. म्हणून खोल गेलं म्हणजे जास्त पाणी, असं आपल्या खडकात नसतं. चीर लागली तर 100 फुटांवर लागते, नाही लागली तर 500 फूटही कोरडेच जातात.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्या सासरी दोन बोअर घेतले होते. पहिला 300 फुटांवर कोरडा गेला. तेव्हा आम्हाला कुणीतरी म्हणालं, "अजून दीडशे फूट जा, खाली समुद्र आहे." गेलो. पांढरी भुकटी उडत राहिली, ओल नाही. सासूबाईंच्या पाटल्या मोडल्या होत्या त्यासाठी. ते पैसे फेडायला पुढे बराच काळ गेला आणि त्या पाटल्या काही परत झाल्या नाहीत. तेव्हा हे थरांचं कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं अजून वाटतं.

म्हणून आमच्या गटानं काय ठरवलं ते सांगते. त्या सुनेला आम्ही नाही म्हटलं नाही. पाण्याची गरज खरी आहे, जनावरं आहेत, अर्धा एकर भाजी आहे. पण आम्ही अर्ज दोन भागांत केला. आधी त्यांच्या जुन्या विहिरीतला गाळ काढायला लहान कर्ज दिलं. बरीच वर्षं तो काढलेलाच नव्हता. पावसाळ्याआधी शेताच्या वरच्या अंगाला बांध नीट करायचा, म्हणजे पाणी मुरेल. आणि त्यानंतरही बोअर लागलाच तर आधी तपासणी. राज्य सरकारची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे, तिची जिल्ह्याला कार्यालयं आहेत. आपल्या गावाच्या भूजलाची माहिती तिथे विचारता येते. ग्रामपंचायतीमार्फत पत्र दिलं तर सोपं जातं. बोअरच्या कर्जाच्या अर्जावर आता आम्ही तीन ओळी वाढवल्या आहेत : शेजारच्या विहिरी किती खोल, त्यांना पाणी कोणत्या थरात लागलं, आणि उन्हाळ्यात किती टिकतं. ही माहिती गावातच असते. फक्त कुणी लिहून ठेवत नाही. तुमच्या गटानंही एक वही घाला.

विहिरीचा गाळ निघाला. खाली झरा दिसला, बारीक आहे. पाणी किती टिकतं ते मे महिन्यात कळेल, आणि कळलं की याच कार्यक्रमात येऊन सांगेन. कमी टिकलं तरी खरं तेच सांगेन.

त्या बैठकीच्या शेवटी आजी काय म्हणाल्या ते सांगून थांबते. परातीतल्या राखेतला तो खड्डा त्या बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे आतलं सगळं काढून घेतलं की वरचं बसतंच." मी म्हटलं, "हो आजी." त्या म्हणाल्या, "मग पाणीसुद्धा काढतोय तेवढं परत घालायला नको का?" यावर सगळ्या गप्प झाल्या. कातळाचं छत काही पाण्याच्या उपशानं खचत नाही, हे खरं. पण विहीर मात्र आटते. आजींचं म्हणणं वहीत लिहून घेतलंय. पुढच्या बैठकीचा तोच विषय आहे.

तुमच्याही गावात एखादा खड्डा, खळगा, डोह असेल आणि त्याची काही गोष्ट सांगत असतील, तर कळवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.